देवगिरी: छिन्नीनं कोरलेलं बेट

पडेगाव-मिटमिटा मागं पडलं आणि शरणापूर फाटा ओलांडला की समोरच्या डोंगररांगेपासून फटकून उभा असलेला एक डोंगर दिसू लागतो. आजूबाजूचे डोंगर माथ्यावर सपाट, ऐसपैस पसरलेले. हा मात्र वर निमुळता होत गेलेला. पायथ्यापासून उंची साधारण दोनशे मीटर. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तो 'दौलताबादचा किल्ला' म्हणून लहानपणापासून ठाऊक असतो. एकदा शाळेच्या सहलीत, मग घरी पाहुणे आले की त्यांच्यासोबत. चांद मिनार, मेंढा तोफ, अंधारी, बारादरी, चार फोटो, आणि उतरल्यावर दरवाजाबाहेरच्या टोपल्यांमधली सीताफळं नाहीतर पेरू.

एवढ्यावर हा डोंगर संपत नाही. तो नुसता किल्ला म्हणून पाहिला तर अर्धाच पाहून होतो. माणसांनी तासून-तासून ज्याचं बेट केलं, असा हा डोंगर आहे. त्या बेटाच्या माथ्यावर साधनेची एक मोठी परंपरा रुजली, आणि तिची पायवाट पुढं घाट चढून खुलताबाद, सुलीभंजनपर्यंत जाते. ती वाट चालल्याशिवाय देवगिरी कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी दगडाची गोष्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वाहत राहिला. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा पसरायचा. तव्यावरच्या पोळ्यांची चवड रचावी तसे हे आडवे थर साचत गेले, आणि आज आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो बेसाल्ट तयार झाला. सगळे थर सारखे नसतात. काही घट्ट, अखंड. काही फुग्यांनी भरलेले, भुसभुशीत. मधूनच लालसर मातीचा पट्टा. पाऊस आणि ओढे मऊ थर आधी खातात, मग वरचा कठीण थर आधार गेल्यानं तुटून पडतो. त्यामुळं मराठवाड्यातल्या डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचे कडे असतात. वेरूळ-म्हैसमाळच्या रांगेतून ओढ्यांनी असाच एक तुकडा कापून बाजूला काढला. तो तुकडा म्हणजे देवगिरी. रांगेपासून सुटा झालेला, चहूबाजूंनी मोकळा, वरून सगळा मुलूख दिसणारा. निसर्गानं काम अर्ध्यावर आणून ठेवलं होतं.

उरलेलं अर्धं छिन्नीनं केलं. डोंगराच्या पायथ्याकडचा उतार सगळीकडून कापून सरळ उभा केला. हा तासलेला कडा जवळपास पन्नास मीटर उंच आहे. त्याच्या तळाशी खडकातच खंदक खोदून पाणी भरलं. मुख्य डोंगर आता पाण्यानं आणि उभ्या भिंतीनं बाकीच्या जगापासून तुटला. बेट तयार झालं, तेही समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जिथं उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण होते अशा मुलखात.

हे काम यादवांच्या काळातलं मानलं जातं. भिल्लम पाचव्यानं बाराव्या शतकाच्या शेवटी देवगिरीला राजधानी केली, तेव्हापासून सव्वाशे वर्षं हा डोंगर दख्खनचं सत्ताकेंद्र होता. चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या काळात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथं आला. मैदानात उभा असलेला तासलेला खडक, माथ्यावर बांधलेला किल्ला आणि वर जायला चामड्याची शिडी, जी रात्री ओढून घेतात, असं त्यानं नोंदवून ठेवलं. तळघरातल्या कैद्यांना छळणाऱ्या थोराड उंदरांचीही त्याला आठवण राहिली. पुढं शाहजहानच्या दरबारातला इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की या कड्यावरून ना मुंगी चढू शकते, ना साप. खंदकाची मापं तो चाळीस गज रुंद आणि तीस गज खोल अशी देतो. खंदकावरच्या पुलावर उभं राहून समोरच्या भिंतीकडं एकदा नीट पाहावं. हात रोवायला खाच नाही, पाय टेकवायला कपार नाही. दरबारी लेखक अतिशयोक्ती करतात, पण इथं लाहोरीला फारशी करावी लागलेली नाही.

मला या भिंतीसमोर नेहमी वेरूळ आठवतं. इथून पंधरा-एक किलोमीटरवर, आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात कैलास लेणं कोरलं गेलं. तिथं कारागिरांनी डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणले, मधला खडकाचा ठोकळा सुटा केला आणि मग वरून खाली कोरत जाऊन त्याचं मंदिर काढलं. चर खणून खडक सुटा करण्याची ती विद्या आणि देवगिरीच्या खंदकाची विद्या मुळात एकच. वेरूळला तिनं देवाचं घर दिलं, इथं राजाचं. या पट्ट्यातल्या पाथरवटांच्या हातांना बेसाल्ट कुठं फुटतो आणि कुठं दाद देत नाही याचं ज्ञान शतकानुशतकं होतं. किल्ल्याच्या आतही अर्धवट सोडलेली काही लेणी सापडली आहेत. बहुतेक लोक त्यांच्याकडं न वळताच पुढं जातात.

पूल हाही बारकाईनं पाहण्यासारखा. आज आपण लोखंडी पुलावरून सरळ चालत जातो. त्याच्या खाली जुना दगडी पूल आहे. तो मध्यभागी मुद्दाम खोल ठेवलेला आहे: दोन्ही टोकांकडून उभ्या पायऱ्या उतरायच्या, मधला सखल भाग ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं. खंदकातल्या पाण्याची पातळी बांध घालून वाढवता येत असे. शत्रू आला की पाणी वाढवायचं, मधला भाग बुडायचा. पूल तोडायला नको, ओढून घ्यायला नको. पाणी उतरलं की तोच पूल पुन्हा वापरात.

पूल ओलांडला की अंधारी. खडकाच्या पोटातून वळत, वर चढत जाणारा हा बोगदा पोरांना सगळ्यात जास्त आवडतो. लाहोरीनंही लिहून ठेवलंय की इथं भर दिवसा दिवा लागतो. पायऱ्या खडकातच कोरलेल्या, उंचीला कमीजास्त. चारदोन वळणांनंतर बाहेरचा उजेड तुटतो, वटवाघळांचा उग्र वास नाकात भरतो आणि पुढच्या माणसाच्या मोबाईलचा प्रकाश तेवढा हलत राहतो. बोगद्याच्या वरच्या तोंडावर जाड लोखंडी झाकण असे. ते लावून त्यावर मोठ्या शेगडीत आग पेटवली की तापलेलं लोखंड आणि आत कोंडणारा धूर यांतून कुणी वर येणं अशक्य. आगीला वारा मिळावा म्हणून खडकातून झरोका काढलेला आहे. गाइड मंडळी आत एक फसवा दरवाजाही दाखवतात: उजेड दिसला म्हणून शत्रू तिकडं धावला की थेट खंदकात. लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा दम्याचा त्रास असलेली मंडळी सोबत असतील तर अंधारी टाळून बाहेरच्या जिन्यानं जावं. त्यात कमीपणा काही नाही.

एवढा बंदोबस्त असूनही देवगिरी पडला, आणि पुन्हापुन्हा पडला. पण कुणी कडा चढून तो घेतला नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादवांचं मोठं सैन्य बाहेर होतं. यादव राजा रामदेवराय घाईनं वर गेला, आणि इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे धान्याची समजून आत घेतलेली पोती मिठाची निघाली. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानानं वेढा घातला. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत दख्खननं भीषण दुष्काळ भोगला होता. बाहेरचे कोट सुरुंगांनी फुटले, आतलं धान्य संपलं आणि निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याच्या मुलानं, फत्तेखानानं, किल्ला मोगलांच्या ताब्यात दिला. बेटाचा हा जुना दोष आहे. पाण्याची सोय इथं उत्तम होती: भाजक्या मातीच्या नळांनी डोंगरातलं पाणी खाली आणलेलं, बारवा बांधलेल्या, सुमारे दहा हजार घनमीटर पाणी मावेल असा हत्ती हौद. पण धान्य बाहेरूनच यायचं.

हत्ती हौदाच्या शेजारी जी मोठी वास्तू आहे तिथं थोडं थांबावं. कुतुबुद्दीन मुबारक खिलजीनं १३१८ मध्ये यादवांचं राज्य पुरतं संपवलं आणि इथं जामा मशीद उभारली. तिचे खांब आधीच्या मंदिरांचे. कोरीव काम आजही ओळखू येतं. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर तिथं भारतमातेची मूर्ती बसवली गेली आणि आता ते भारतमाता मंदिर म्हणून ओळखलं जातं. एकाच छपराखाली तीन काळ. जवळच बहमनी अहमदशाहाच्या काळात, पंधराव्या शतकात बांधलेला चांद मिनार. त्याच्या पुढं, वर, चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह १६८७ नंतर मरेपर्यंत इथं कैदेत होता. मेंढा तोफ बुरुजावर आहे, तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं तोंड आहे, मुलं तिच्यावर चढायला बघतात, चढू देऊ नये.

अंधारीनंतर गणपतीचं छोटं देऊळ लागतं. तिथून पायऱ्यांची लांब चढण, आणि मग मोगलांनी बांधलेली बारादरी. गच्चीवर वारा भन्नाट असतो. खाली तटांची वेटोळी, पलीकडं शहर. निम्म्याहून जास्त लोक इथूनच माघारी वळतात. माझी कळकळीची विनंती आहे की वळू नये. वर अजून थोडं चढलं की माथ्याजवळ जनार्दनस्वामींची गुहा आणि पादुका आहेत, आणि या डोंगराचा दुसरा जन्म तिथं सुरू होतो.

साधनेची अशी बेटं इतरत्रही आहेत. जपानमध्ये हिरोशिमाजवळ मियाजिमा नावाचं बेट आहे. त्यावरच्या मिसेन डोंगराची उंची ५३५ मीटर. नवव्या शतकाच्या सुरुवातीला कूकाई या बौद्ध आचार्यानं तिथं साधना केली, आणि त्या वेळी पेटवलेला अग्नी आजही माथ्याजवळच्या देवळात तेवत ठेवला आहे, अशी तिथली श्रद्धा आहे. वर जायला तीन पायवाटा आहेत, रोपवे आहे. तरी भाविक आणि हौशी चालणारे एकाच वाटेवर मिसळतात. आपल्याकडं मुंबईजवळच्या घारापुरीला समुद्र ओलांडून शिवाच्या दर्शनाला जातात. देवगिरीला मात्र आपण तोफा मोजून परत येतो, आणि मराठी भक्तीच्या इतिहासातलं एवढं मोठं ठिकाण वाटेतच राहून जातं.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे, देशपांडे घराण्यातले. सोळाव्या शतकात देवगिरी निजामशाहीकडं होता आणि जनार्दनस्वामी त्याचे किल्लेदार होते. दत्ताचे थोर उपासक. गुरुवार त्यांच्या उपासनेचा म्हणून त्या दिवशी गडाचं कामकाज बंद असे, असं परंपरा सांगते. मुसलमान सुलतानाच्या किल्ल्यावर हिंदू किल्लेदार, आणि त्याच्या साधनेसाठी आठवड्याची सुट्टी. चांद बोधले हे सूफी परंपरेतले सत्पुरुष जनार्दनस्वामींचे गुरू होते, अशीही एक बळकट परंपरा आहे. चांद बोधल्यांचं स्थान याच दौलताबादेत आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे त्यांचेच शिष्य. दत्तानं मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेशात दर्शन दिलं, ही एकनाथांची कथा याच डोंगरांत घडते आणि याच मातीत ती पटते.

पैठणहून किशोरवयीन एकनाथ गुरू शोधत इथं आले. साठ-पासष्ट किलोमीटरची वाट, पायी. गुरूंनी त्यांना ध्यानाआधी दफ्तरात बसवलं. हिशेबात एका पैची चूक निघाली, ती शोधत एकनाथ रात्रभर जागले आणि सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. एका पैसाठी एवढा आनंद, मग परमार्थात चित्त असंच लागलं तर काय होईल, असं गुरूंना वाटलं, अशी ही कथा. दुसरी कथा लढाईची: गुरू समाधीत असताना गडावर शत्रू चालून आला, एकनाथांनी गुरूंचा पोशाख अंगावर चढवून सैन्याचं नेतृत्व केलं, हल्ला परतवला आणि गुरू जागे व्हायच्या आत पोशाख जागेवर ठेवून दिला. माथ्यावर उभं राहून या दोन्ही कथा आठवल्या की त्या नुसत्या चमत्काराच्या गोष्टी वाटत नाहीत. दफ्तर, पहारा, शिबंदी, हे सगळं गडाचं रोजचं काम. त्या कामातूनच ते घडले. प्रपंचात राहून परमार्थ ही जी शिकवण पुढं एकनाथांच्या नावाशी जोडली गेली, तिचं शिक्षण या किल्ल्यावर झालं. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते. जनार्दनस्वामींची समाधीही त्याच तिथीची, १५७५ मधली, आणि ती देवगिरीवरच.

मग गुरूंनी शिष्याला तपासाठी पाठवलं ते सुलीभंजनच्या डोंगरावर. आणि इथून ती पायवाट सुरू होते जिच्याबद्दल मला सांगायचंय.

दौलताबादहून रस्ता जुन्या वेशीतून घाट चढतो. घाटातून मागं पाहावं. देवगिरीचं सुटं, एकटं रूप सगळ्यात चांगलं इथून दिसतं आणि तो रांगेतून कसा तुटलाय हे नकाशाशिवाय कळतं. पुढं कागजीपुरा. तुघलकाच्या काळात आलेल्या कारागिरांनी इथं हातकागदाचा उद्योग रुजवला, असं सांगतात. चिंध्यांचा लगदा करून कागद काढायची कला गावात अजून टिकून आहे. मग खुलताबाद: निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब, त्यांच्यानंतरचे झैनुद्दीन शिराजी, अशा सूफींच्या दर्ग्यांचं गाव. झैनुद्दीनांच्या आवारात औरंगजेबाची साधी, उघडी कबर. मलिक अंबरची कबरही या गावात. आणि त्याच गावात भद्रा मारुती, निद्रिस्त रूपातला. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगरहून हजारो माणसं पायी निघतात. नगरनाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, देवगिरीचा पायथा, घाट, आणि पहाटे मारुती. पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. कॉलेजची पोरं, नव्या सुना, रिक्षावाले, नोकरदार, सगळे. वाटेत चहाचे, फराळाचे स्टॉल लागतात. देवगिरी त्या रात्री अंधारात एक काळा आकार म्हणून शेजारून जातो.

खुलताबादहून पाच-सहा किलोमीटरवर सुलीभंजन. माथ्यावर दत्ताचं देऊळ, सूर्यकुंड, आणि एक मोठा खडक, ज्यावर दगड आपटला की धातूसारखा टणत्कार होतो. घट्ट, भेगा नसलेला आणि थोड्याच ठिकाणी टेकलेला बेसाल्ट असा वाजू शकतो. पण तो ऐकताना लोक हात जोडतात आणि मलाही ते बरं वाटतं. इथं तप करताना एकनाथांवर नागानं फणा धरला होता अशी कथा आहे. श्रावणात हा डोंगर हिरवागार असतो, ढग पायाखालून जातात. खुलताबादहून वेरूळ घाट उतरला की जवळच, म्हणजे घृष्णेश्वर आणि लेणीही याच चालीत येतात. फक्त लेणी मंगळवारी बंद असतात हे लक्षात ठेवावं.

चालायचं असेल तर पाऊस संपता संपता, सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत. देवगिरीला दरवाजा उघडल्या उघडल्या पोहोचावं. दहानंतर काळा दगड तापतो आणि सहलींच्या बस येतात. पाणी खालूनच न्यावं. बॅटरी न्यावी, मोबाईलच्या भरवशावर अंधारीत जाऊ नये. माकडांसमोर पिशवी उघडू नये. उन्हाळ्यात डोंगरावरचं गवत वाळून कोळ होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये किल्ल्यावर मोठी आग लागली होती, तेव्हा विडी-काडी अजिबात नको. एका दिवसात देवगिरी, दुसऱ्या दिवशी घाट चढून खुलताबाद-सुलीभंजन, अशी विभागणी केली तर गुडघे कुरकुरत नाहीत.

या वाटेला आज सगळ्यात जास्त गरज आहे ती चालणाऱ्यासाठी वेगळ्या जागेची. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री पोलीस बंदोबस्त असतो, वाहनं वळवतात. बाकीच्या दिवशी पायी जाणारा माणूस ट्रक आणि पर्यटकांच्या गाड्यांच्या मध्ये सापडतो; घाटात तर कठड्याला चिकटून थांबावं लागतं. डांबरीपासून हातभर दूर, झाडांच्या कडेनं, दौलताबादच्या वेशीपासून सुलीभंजनच्या देवळापर्यंत एक साधी मुरमाची पायवाट काढता येईल. जागोजागी पाण्याची टाकी, आणि कोणता डोंगर कोणता, कुणाचं स्थान कुठं, हे मराठीत सांगणाऱ्या पाट्या. जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्यात रोपवे आणि रुंद रस्त्यांच्या आधी हिला जागा मिळावी.